विजोड जोडीची झुंज पटते कधी?

सुपरमॅन गोळी अंगावर झेलतो, पडतं विमान हवेतल्या हवेत धरतो आणि मनात आलं तर पृथ्वीला प्रदक्षिणा घालून येतो. बॅटमॅन हा पैसेवाला, चिडका, कमी झोपणारा माणूस. त्याच्याकडे चिलखत आहे, गाडी आहे, डोकं आहे, पण अंगात अचाट असं काही नाही. या दोघांची लढत लावली तर हिशेबाने ती चहा गाळायच्या आत संपली पाहिजे. तरीही २५ मार्च २०१६ ला ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस’ हा चित्रपट जगभर लागला आणि त्याने सुमारे ८७ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. दीड महिन्याच्या आत, ६ मे रोजी, अमेरिकेत ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ आला. त्यात तर एका बाजूला उडणारा, भिंतीतून आरपार जाणारा कृत्रिम मानव आणि दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण घेतलेला एक संसारी गृहस्थ. त्याचा गल्ला ११५ कोटी डॉलरच्या घरात गेला. म्हणजे अशी विजोड झुंज बघायला लोक येतात, यात वाद नाही. आल्यावर त्यांना ती पटते का, आणि पटली तर कशामुळे, हे जरा सावकाश उलगडून पाहू.

त्यासाठी अमेरिकेला जायच्या आधी गोंदिया जिल्ह्यातल्या मंडईत थांबू या. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की आमगाव, सालेकसा, गोरेगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव अशा सगळ्या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, खेळणी, मिठाई. रात्री दंडार, नाटक किंवा खडी गंमत. खडी गंमतीत शाहीर उभ्याने गातो. सोबत ढोलकी, तुणतुणं, डफ, स्त्रीवेशातला नाच्या. त्यातही ज्या कार्यक्रमाला गर्दी हमखास होते तो दुय्यम खडी गंमतीचा. एकाच गावात, एकाच रात्री, दोन शाहीर आपापली पार्टी घेऊन समोरासमोर उभे राहतात. एक तुऱ्याच्या बाजूचा, एक कलगीच्या. तुरा शिवाचा, पुरुषाचा मोठेपणा सांगणार. कलगी शक्तीचा, मायेचा. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब देऊन आपला सवाल टाकायचा, आणि हे पहाटेपर्यंत.

आता या दोन शाहिरांत बरोबरी असतेच असं नाही. एकाचा आवाज खणखणीत, दुसऱ्याचा बसलेला. एकाला पुराणं तोंडपाठ, दुसरा हजरजबाबीपणावर निभावून नेणारा. एकाचं नाव चार जिल्ह्यांत, दुसऱ्याचं शेजारच्या गावापुरतं. तरी दुय्यम रंगतं, कारण तिथे तीन गोष्टी पक्क्या असतात. सवाल-जवाबाचा नियम दोघांना सारखाच लागू असतो. सवाल टाळून कोणाला पुढे जाता येत नाही. आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं खरंच काहीतरी असतं. शिवाशिवाय शक्ती नाही आणि शक्तीशिवाय शिव नाही, त्यामुळे वाद कधी मिटत नाही. उलट, दोन नामवंत शाहीर आणले आणि दोघंही आपापली पाठ केलेली गाणी म्हणून मोकळे झाले, तर लोक घोंगडी झटकून घरी जातात. पडद्यावरच्या सुपरहिरोंच्या झुंजीलाही हीच कसोटी लावायची. ताकदीचा फरक ही अडचण खरी, पण ती सोडवण्याच्या रीती जुन्या आहेत. खरी अडचण पुढे आहे.

सर्वांत जुनी रीत म्हणजे बलवानाला थोडं खाली आणायचं. सुपरमॅन १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला तेव्हा तो उडतही नव्हता, फक्त लांब उड्या मारायचा. पुढे लेखकांनी त्याला इतकी बळं वाटली की त्याच्यासमोर उभं करायला कोणी उरेना. मग १९४३ मध्ये त्याच्या रेडिओवरच्या मालिकेत क्रिप्टोनाइट हा दगड आला: त्याच्याच नष्ट झालेल्या ग्रहाचा तुकडा, जो जवळ आला की त्याची शक्ती जाते. कॉमिक्समध्ये तो दगड १९४९ ला पोहोचला. तेव्हापासून सुपरमॅनशी झुंज लावायची म्हटलं की लेखकाचा हात त्या हिरव्या दगडाकडे जातो. तोच तो उपाय वापरून गुळगुळीत झाला आहे हे खरं, पण त्याच्यामागचं तत्त्व चांगलं आहे. शत्रू त्याच्या स्वतःच्या घरातूनच आला पाहिजे.

क्रिप्टोनाइट नको असेल तर तांबडा सूर्य. सुपरमॅनला बळ मिळतं ते आपल्या पिवळ्या सूर्यामुळे. तांबड्या सूर्याच्या प्रकाशात तो साधा माणूस होतो. १९७८ मध्ये ‘सुपरमॅन व्हर्सेस मुहम्मद अली’ नावाचं मोठ्या आकाराचं कॉमिक निघालं, नील ॲडम्सच्या चित्रांचं. खराखुरा विश्वविजेता मुष्टियोद्धा आणि कागदावरचा देव एका रिंगणात! तिथे सुपरमॅनची शक्ती अशीच काढून घेतली आणि मग सरळ सामना लावला. सुपरमॅन हरला, भरपूर मार खाऊन हरला. आणि ते पटतं, कारण शक्ती काढून घेतल्यावर राहिलं काय, तर मुष्टियुद्धाचं कसब. ते अलीने आयुष्य घालून कमावलेलं होतं, सुपरमॅनला त्याची कधी गरजच पडली नव्हती. ज्याला आयतं मिळालं तो, आणि ज्याने घाम गाळून मिळवलं तो, असा तो सामना होता. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७६ मध्ये, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांची गाठ घातली होती. तिथे उलटं केलं: सुपरमॅनला खाली न आणता स्पायडरमॅनला तांबड्या सूर्याच्या किरणांचं बळ थोड्या वेळापुरतं दिलं. ते बळ ओसरल्यावर स्पायडरमॅन सुपरमॅनच्या अंगावर ठोसे मारतो आणि स्वतःचेच हात दुखवून घेतो. गैरसमजातून सुरू झालेली ती मारामारी तशी फुटकळच. पण हात दुखल्याची ती जागा महत्त्वाची, कारण वाचक मनात जो हिशेब करत होता तो कागदावर आला.

आपल्याला ही रीत नवीन नाही. महाभारताने कर्णाचं काय केलं ते आठवा. कवचकुंडलं अंगावर असेपर्यंत तो मरणार नाही, म्हणून इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन ती मागून नेतो. बदल्यात दिलेली शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते. परशुरामाचा शाप, ऐन वेळी विद्या आठवणार नाही. ब्राह्मणाचा शाप, रथाचं चाक जमिनीत रुतेल. शल्यासारखा सारथी, जो शेजारी बसून तेजोभंग करतो. एवढं सगळं झाल्यावर अर्जुनाचा बाण लागतो. यातली एकही गोष्ट युद्धाच्या सतराव्या दिवशी अचानक उगवत नाही. प्रत्येकीची पेरणी आधी झालेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काहीतरी गमावलेलं आहे: देवाने प्रतिष्ठा, गुरूने शिष्य, भीमाने मुलगा. कर्णाला खाली आणायची किंमत जिंकणाऱ्या बाजूलाही मोजावी लागली. म्हणूनच ती झुंज आपल्याला फसवी वाटत नाही, तर अन्यायाची वाटते. आणि या दोन्हींत पुष्कळ अंतर आहे.

मराठी पडद्यावर पेरणीचा सर्वांत सुबक नमुना पाहायचा असेल तर महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’. १९९३ चा चित्रपट. खलनायक कोण, तर बोलक्या बाहुल्यांच्या खेळातला एक बाहुला. रामदास पाध्यांनी घडवलेला, दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला तात्या विंचू. गुडघ्याएवढा बाहुला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या, धडधाकट तरुण. लाथ मारली तर कोपऱ्यात जाऊन पडेल असा शत्रू! पण पिढ्यान्‌पिढ्या पोरं त्याला घाबरली. कसं? चित्रपटाने नियम सांगून टाकले. मंत्राच्या जोरावर तात्याचा आत्मा बाहुल्यात गेला आहे. त्याला पुन्हा माणूस व्हायचं असेल तर ज्याला आपलं खरं नाव त्याने पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागेल, आणि तो माणूस लक्ष्या आहे. मारायचं असेल तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली पाहिजे. आता बघा, या तीन वाक्यांनी काय काय झालं. तात्याला लक्ष्याच हवा, दुसरा कोणी चालणार नाही, म्हणून तो पिच्छा सोडू शकत नाही. बाहुला आहे म्हणून त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून लक्ष्या एकटा पडतो. आणि ताकद कमी असली तरी मरायची जागा एवढीशी आहे, म्हणून पोलिसांची पिस्तुलंही फारशी कामाची नाहीत. बाहुल्याचं बुटकेपण त्याच्या उपयोगी पडलं. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकन चित्रपटावरून आलेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बोलक्या बाहुल्यांच्या खेळाशी तिची सांगड घालणं हे इथलं काम.

आता बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या त्या लढतीत जरा जवळून डोकावू. दिग्दर्शक झॅक स्नायडरने आधार घेतला फ्रँक मिलरच्या १९८६ मधल्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या चार भागांच्या कॉमिकचा. त्यात बॅटमॅन म्हातारा झाला आहे, सुपरमॅन सरकारची कामं करतो. मिलरने सुपरमॅनला खाली आणायला एकावर एक थर रचले: अणुस्फोटाच्या तडाख्यात तो आधीच अर्धमेला झालेला, स्फोटाच्या धुरळ्याने सूर्य झाकलेला, बॅटमॅनच्या चिलखताला रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून अख्ख्या शहराची वीज जोडलेली, आणि शेवटी एका जुन्या साथीदाराने मारलेला क्रिप्टोनाइटचा बाण. एवढं करूनही बॅटमॅनला काही क्षणच मिळतात. चित्रपटाने यातलं चिलखत आणि दगड घेतला. दगड हिंदी महासागराच्या तळाशी सापडतो, जहाजातून अमेरिकेला येतो, खलनायक लेक्स लूथरच्या ताब्यात जातो, तिथून बॅटमॅन तो पळवतो, त्यातून भाला घडवतो आणि उरलेल्याची पूड करून गोळ्यांत भरतो. पेरणी व्यवस्थित आहे, तक्रारीला जागा नाही.

लढतीत बॅटमॅन पहिली धुराची गोळी मारतो. सुपरमॅन खोकतो, गुडघ्यावर येतो. मग ठोसा मारायला हात उचलतो आणि बॅटमॅन तो हात झेलतो. आजवर ज्याचा ठोसा कोणा माणसाने झेलला नव्हता त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य कॅमेरा टिपतो. पुढे बॅटमॅन त्याला भिंतींतून फेकतो, तोंडावर ठोसे हाणत राहतो. आणि मग तो क्षण येतो, जो माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत अस्सल आहे. ठोशांचा आवाज बदलतो. मांसावर हाड आपटल्याचा जो धप्प आवाज येत होता त्याच्या जागी लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट होतो. सुपरमॅनची मान हलेनाशी होते. धुराचा अंमल उतरला! बॅटमॅन हात थांबवत नाही, पण मुखवट्याच्या आतले डोळे बदलतात. एक शब्द नाही, फक्त आवाज आणि डोळे. तेवढ्यात प्रेक्षकाला कळतं की हा माणूस किती पातळ बर्फावर उभा आहे.

विजोड झुंज पटवायची तर बळाचा काटा असा दिसता-ऐकता ठेवावा लागतो. कोणाला किती लागलं, कोणाचं किती उरलं, हे प्रत्येक टप्प्यावर समजलं पाहिजे. जे पात्र पहिल्या दृश्यात इमारत पेलतं त्याला शेवटच्या दृश्यात काठीचा मार लागला तर प्रेक्षक हसतो. सुपरहिरोंच्या कैक चित्रपटांत हाच घोळ आहे; गरजेप्रमाणे ताकद वाढते आणि गरजेप्रमाणे घटते.

मग एवढं करूनही ती लढत अर्ध्यावर का कोसळली? आता आपण शाहिरांच्या कसोटीकडे येतो. चित्रपटाच्या सुरुवातीला बॅटमॅनची बाजू जबरदस्त मांडली आहे. ‘मॅन ऑफ स्टील’ या २०१३ च्या चित्रपटात सुपरमॅनने शत्रूशी लढताना अर्धं शहर मोडलं होतं. तोच प्रसंग इथे जमिनीवरून दाखवला आहे. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, धुळीतून धावतो, त्याच्या कंपनीची इमारत डोळ्यांदेखत खाली येते, एका कर्मचाऱ्याचे पाय जातात, एक पोरगी आईला शोधते. वर आकाशात दोन ठिपके भांडत आहेत. हा सवाल खणखणीत आहे: एवढी शक्ती एकाच्या हाती, आणि त्याला जाब विचारणारं कोणी नाही. तुऱ्याच्या शाहिराने असा सवाल टाकला असता तर मंडप उठून उभा राहिला असता.

जवाब कुठे आहे? सुपरमॅनचा बॅटमॅनवर आक्षेप असा की हा कायद्याबाहेर जाऊन लोकांना मारहाण करतो. पण तो स्वतःही कोणाची परवानगी काढून उडत नाही. सवालाला जवाब मिळत नाही म्हटल्यावर लेखकांनी खलनायकाकडून सुपरमॅनच्या आईला पळवून नेलं: बॅटमॅनचं डोकं आण, नाहीतर आई मेली. म्हणजे दुसरा शाहीर गायला आलाच नाही. त्याला कोणीतरी धमकावून मंचावर आणून सोडला. तो आल्या आल्या समजूत काढू बघतो, ऐकून घे म्हणतो. ज्याला लढायचंच नाही त्याच्याशी लढत कसली? आणि शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. भाला छातीवर असताना सुपरमॅन आईचं नाव घेतो, मार्था. बॅटमॅनच्या आईचंही तेच नाव. भाला खाली येतो. त्यामागची कल्पना वाईट नव्हती, समोरचा राक्षस नसून कोणा बाईचा मुलगा आहे हे बॅटमॅनला उमगतं. पण सुरुवातीचा सवाल त्या आईच्या नावाखाली गाडला गेला. शक्तीला जाब कोण विचारणार, हे तिथे कोणी बोलतच नाही. जगभर त्या दृश्याची टिंगल झाली, ती उगाच नाही.

‘सिव्हिल वॉर’ने याच्या उलट वाट धरली. दिग्दर्शक अँथनी आणि जो रूसो या भावांनी ताकद बाजूला ठेवून आधी दोन्ही बाजूंचे सवाल पक्के केले. सुपरहिरोंच्या मोहिमांत निरपराध माणसं मरतात, म्हणून ११७ देश मिळून करार करतात: यापुढे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली काम करायचं. एका मृत तरुणाची आई चिलखत घालून लढणाऱ्या आयर्नमॅनला गाठून जाब विचारते, त्यामुळे तो सही करायच्या बाजूचा. कॅप्टन अमेरिकाने सरकारी संस्था आतून पोखरलेली पाहिली आहे, त्यामुळे तो विरोधात. चित्रपटगृहातून बाहेर पडताना लोक कोण जिंकलं यापेक्षा कोणाचं बरोबर होतं यावर भांडत होते.

मग ताकदीचा हिशेब? तिथे त्यांनी दुसरी जुनी रीत वापरली: हात राखून लढणं. विमानतळावरच्या त्या मोठ्या मारामारीत दोन्हीकडचे जुने मित्र आहेत. ब्लॅक विडो आणि तो धनुष्यबाणवाला हॉकआय एकमेकांना लोळवता लोळवता मैत्री अजून आहे ना, असं विचारून घेतात. हॉकआयच्याच बाजूची वांडा येऊन त्याला बजावते की तू मुद्दाम हलक्या हाताने मारत होतास. प्रेक्षकाच्या मनात येणारी शंका पात्रानेच बोलून दाखवली, की ती शंका उरत नाही. हल्क आणि थॉर या दोघा महाबलाढ्यांना त्या कथेपासून लांबच ठेवलं, हाही शहाणपणा. ते असते तर बाकीच्यांना कामच उरलं नसतं. व्हिजन, म्हणजे तो कृत्रिम मानव, हा हजर असलेल्यांत सगळ्यांत बलाढ्य, तो बराच वेळ दूर राहतो, जमिनीवर किरणांनी रेघ ओढून थांबा म्हणतो. आणि जेव्हा तो खरोखर किरण सोडतो तेव्हा नेम चुकतो, शत्रू बाजूला होतो आणि आपलाच माणूस, रोड्स, आकाशातून खाली पडून कमरेखाली अधू होतो. त्या क्षणी गंमत थांबते. बलवानाने हात का राखायचा असतो हे तिथे कळतं.

शेवटची झुंज मात्र हात न राखलेली. सायबेरियातल्या बंदिस्त तळावर एक जुनी चित्रफीत लावली जाते, १६ डिसेंबर १९९१ ची. आयर्नमॅनच्या आईवडिलांचा खून कॅप्टनच्या जिवलग मित्राने केला होता, आणि कॅप्टनला याचा अंदाज होता. ही फीत लावणारा झेमो; त्याच्या अंगी कसलीही शक्ती नाही, घरचे लोक गमावलेला एक माणूस. सगळ्या चित्रपटात सर्वांत विजोड प्रतिस्पर्धी तोच, आणि जिंकतोही तोच. आयर्नमॅनचं चिलखत कॅप्टनपेक्षा कितीतरी बलवान आहे, तरी कॅप्टन त्याला भिंतीशी रेटतो. तेव्हा चिलखतातला संगणक सांगतो की हातघाईत तुम्ही याला हरवू शकणार नाही. मग त्याच्याकडून कॅप्टनच्या लढण्याच्या पद्धतीचा हिशेब मांडून घेतला जातो आणि पारडं फिरतं. पुन्हा तेच, काटा प्रेक्षकाला दिसत राहतो.

आपल्याकडे छोट्या खिशातून हाच प्रयोग झाला, तोही नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात. शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. नायक शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ चा माहितीपट त्या चित्रीकरणावर आहे, आणि रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. नासिर यांच्या चित्रपटात सुपरमॅनला खाली आणायला दगड लागत नाही. तो मुळातच फुंकर मारली तर उडेल असा. विजोडपणा हाच विनोद. पण खलनायक घाणीच्या प्रेमात पडलेला दाखवला, आणि समोरच्या प्रेक्षकाला आपल्या गल्लीतली घाण ठाऊक होती. मुद्दा घरचा होता. त्यामुळे चित्रीकरणासाठी लावलेला हिरवा पडदा कुठे संपतो ते दिसलं तरी कोणाचं काही अडलं नाही.

मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असल्याने गोंदियात हिंदीचा वावर पहिल्यापासून आहे, त्यामुळे इथल्या वाचकांना राज कॉमिक्स वेगळं सांगायला नको. १९८६ चा नागराज, ज्याच्या अंगात विष आणि इच्छाधारी शक्ती. १९८७ चा सुपर कमांडो ध्रुव, अनुपम सिन्हांचा, ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, फक्त सर्कशीत कमावलेलं शरीर आणि शास्त्राचं ज्ञान. दोघांना एकत्र आणणारी कॉमिक्स पुढे बरीच निघाली. ध्रुव कधी उपरा वाटला नाही, कारण त्याची चाल वाचकाला आधी समजावून सांगितलेली असे; शाळेच्या प्रयोगशाळेत जे शिकलो तेच तो वापरतो आहे, असं पोरांना वाटे. बॅटमॅनपेक्षा तो मला जास्त पटायचा, कारण त्याच्याकडे बॅटमॅनचा पैसा नव्हता.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्या दिवाळीनंतर रात्ररात्र खेळ करतात, वडसा हे त्यांचं मोठं ठाणं. त्या मंचावर कोणी उडणारा माणूस आणला तर दोरी दिसणार, हे उघड आहे. आणि दिसली तरी चालेल. तिथे, किंवा मोबाइलवर स्वतःची फिल्म करणाऱ्या गोंदियाच्या पोरांना, एक सुचवावंसं वाटतं. लढत लिहिण्याआधी दोन्ही पात्रांचा सवाल आणि जवाब कागदावर लिहून पाहा. दोन्हीकडे तोडीस तोड बोलणं जमत असेल तर ताकदीतला फरक कितीही असू दे, तो दगडाने, शापाने, अरुंद जागेने किंवा जुन्या मैत्रीने भरून काढता येतो. एका बाजूचा जवाब कोरा राहत असेल तर दोघांना सारखं बळ देऊनही उपयोग नाही. २०१६ च्या त्या दोन चित्रपटांत ‘सिव्हिल वॉर’ उजवा ठरला तो याच कारणाने. बॅटमॅन-सुपरमॅनच्या वाट्याला एक उत्तम सवाल, एक उत्तम आवाज आणि एक वाया गेलेला शेवट आला.